व्रतस्थ जीवनाचे भवितव्य

जुन्या गोव्यात मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यावर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वास्तू आहेत. त्यांपैकी एकीला वास्तू म्हणण्यापेक्षा वास्तूचे अवशेष म्हणणे अधिक योग्य होईल. संत ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संन्यासी संघाने तेथे बांधलेले भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये त्याच्या उत्तुंग मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज तेथे जांभ्या दगडाचा एक उंच, एकाकी सुळका तेवढा उभा आहे. रस्त्यापलीकडे सांता मोनिकाचा मठ आहे. तिरप्या आधारभिंतींनी तोलून धरलेली ही तीन मजली चौकोनी इमारत मात्र शाबूत आहे, आणि तिच्यात माणसांचा वावरही आहे. दोन्ही मठ एकाच संघपरंपरेचे. मोनिका ही ऑगस्टीनची आई. दोन्ही मठांवर आघात झाला तो एकाच राजाज्ञेचा. असे असता एक मातीला मिळाला आणि दुसरा नव्या रूपाने नांदता झाला, हे कसे घडले? कॅथलिक व्रतस्थ जीवनाला भविष्य आहे काय, असा प्रश्न आज जगभर विचारला जात असताना या टेकडीवरून त्याच्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. कॅथलिक परंपरेत ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन ही तीन व्रते जाहीरपणे स्वीकारून संघात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जीवनक्रमाला व्रतस्थ किंवा संन्यस्त जीवन म्हणतात. सर्वसामान्य वाचक 'फादर' म्हणून ज्यांना ओळखतो ते सर्वच व्रतस्थ नसतात. एखाद्या बिशपांच्या अधिकाराखाली त्या प्रदेशातील गावोगावच्या चर्चची व्यवस्था पाहणारे धर्मगुरू कोणत्याही संघाचे नसतात. उलट 'सिस्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धर्मभगिनी जवळजवळ नेहमीच एखाद्या संघाच्या असतात. हे जीवन एका दिवसात स्वीकारता येत नाही. काही काळ उमेदवारी, त्यानंतर किमान एक वर्षाचा साधनाकाळ, मग काही वर्षांपुरती व्रते आणि शेवटी आजन्म व्रते, असा हा क्रम असतो. आपल्याकडील संन्यासदीक्षेशी त्याचे साम्य आहे. तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. हा संन्यासी एकटा भ्रमण करीत नाही. तो संघाचा घटक असतो, संघाच्या घरात राहतो आणि संघ सांगेल ते काम करतो. म्हणूनच या जीवनाच्या भवितव्याचा प्रश्न हा बव्हंशी संघांच्या भवितव्याचा प्रश्न होतो.

सांता मोनिकाचा मठ १६०६ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेश्यु द मेनेझिश यांनी स्थापन केला. ते स्वतः ऑगस्टीनच्या संघाचे होते. बांधकाम १६२७ पर्यंत चालले. १६३६ मध्ये लागलेल्या आगीत इमारतीची मोठी हानी झाली, पण लगेच पुन्हा बांधणी करण्यात आली. पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील मुलखातील स्त्रियांचा हा पहिला मठ होय. शंभर जोगिणींची सोय व्हावी अशी त्याची योजना होती. त्या काळच्या कल्पनेप्रमाणे हा बंदिस्त मठ होता. पोप पाचवे पायस यांनी १५६६ मध्ये असा दंडक घातला होता की, व्रते घेतलेल्या स्त्रीने मठाच्या भिंतीबाहेर पाऊल टाकू नये. आत गेलेली मुलगी पुन्हा बाहेर येत नसे. तिचे आप्त तिला भेटत ते जाळीच्या आडून.

या मठाविषयी भक्तिभावाने पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्याची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. काळा बुरखा घेऊन समूहप्रार्थना म्हणण्याचा मान मुख्यत्वे पोर्तुगीज वंशाच्या स्त्रियांना होता. स्थानिक स्त्रियांना वाव मिळाला तो बहुधा खालच्या पायरीवर, सेवेच्या कामापुरता. मुलगी मठात जाताना हुंडा नेई आणि तो मठाचा होई. धनिक कुटुंबांची संपत्ती अशा रीतीने मठाकडे वाहत जाते, लग्नाच्या मुली राहत नाहीत, अशा तक्रारी गोव्याच्या नगरसभेने थेट राजाकडे केल्या होत्या. ईश्वराच्या ओढीने आलेल्या स्त्रिया तेथे होत्याच, पण घरच्यांनी सोय म्हणून आणून सोडलेल्याही असणार. (गोव्याच्या बिबिंक या थरांच्या गोड पदार्थाची कृती याच मठातील एका जोगिणीने शोधून काढली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, भिंतीआडच्या दीर्घ दुपारींची कल्पना तिच्यावरून येते.)

पुरुषांच्या संघांतही स्थानिकांना प्रवेश दुर्मिळच होता. जेझुइट संघात १५७५ मध्ये पेद्रो लुईश या मलबारी ब्राह्मणाला घेण्यात आले. पुढे दोन शतके हे उदाहरण जवळपास अपवाद म्हणूनच राहिले. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले जोझे वाझ हे गोमंतकीय धर्मगुरू. युरोपीय संघांची दारे स्वकीयांना बंद असल्यामुळे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी १६८५ मध्ये जुन्या गोव्यात ओरेटरी या पद्धतीचा स्वतःचा संघ उभा केला. भारतीय धर्मगुरूंनी स्वतःच्या बळावर चालविलेला तो पहिला संघ मानला जातो.

यानंतर आला तो १८३४ चा आघात. पोर्तुगालमधील यादवीत उदारमतवादी पक्ष विजयी झाला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारने पुरुषांचे सर्व संन्यासी संघ बरखास्त करून त्यांच्या मालमत्ता खालसा केल्या. गोव्यात या आज्ञेची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. ऑगस्टीनचा मठ ओस पडला आणि सात वर्षांत छत खाली आले. जोझे वाझ यांच्या संघालाही त्याच आज्ञेने संपविले. राज्यकर्त्यांच्या लेखी देशी-विदेशी हा भेद या बाबतीत उरला नव्हता. स्त्रियांच्या बाबतीत सरकारने थोडी दया दाखविली, पण ती दया विलक्षण होती. सांता मोनिकातील जोगिणींना बाहेर काढले गेले नाही. मात्र नवीन मुलगी घेण्यास मनाई झाली. आहेत त्यांनी राहावे आणि एकेक करून मरावे. शेवटची जोगीण १८८५ मध्ये मृत्यू पावली. म्हणजे पन्नास वर्षे हा मठ केवळ संपण्यासाठी जगला. शंभर जणींसाठी बांधलेल्या भोजनगृहात आधी वीस, मग पाच, मग दोन, अशी पाने मांडली गेली असतील. आज युरोपातील आणि अमेरिकेतील कित्येक मठांत हेच घडत आहे. फरक एवढाच की तेथे मनाई कोणी केलेली नाही, मुली येतच नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संघ संपले तरी त्यांनी केलेले सर्व काही संपले नाही, आणि जे उरले ते बहुधा दगडाचे नव्हते. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने मराठीत रचलेले क्रिस्तपुराण राशोलला १६१६ मध्ये छापले गेले. पुढे १७५९ मध्ये पोर्तुगालने आपल्या सर्व प्रदेशांतून जेझुइटांना हद्दपार केले आणि १७७३ मध्ये पोपनेच तो संघ जगभर विसर्जित केला. १८१४ मध्ये त्याची पुन्हा स्थापना झाली. या सर्व काळात पुराणाला वाली कोणी नव्हता. तरीही गोमंतकातील भाविक कुटुंबांनी ते वाचले, गायले, हाताने उतरवून घेतले. जोझे वाझ यांचे काम तर समुद्रापलीकडे होते. डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली असताना ते १६८७ मध्ये वेषांतर करून सिंहलद्वीपात गेले आणि १७११ मध्ये कँडी येथे वारले. त्यांचा संघ नाहीसा झाला, पण तेथील कॅथलिक समाज टिकला. २०१५ च्या जानेवारीत कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी वाझ यांना संतपद जाहीर केले.

पिलारची हकीकत याहून बोलकी आहे. तेथील टेकडीवरचा मठ फ्रान्सिस्कन संघाने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. तोही १८३५ मध्ये रिकामा झाला. पुढे १८८७ मध्ये काणकोण तालुक्यातील आगोंद येथे फादर बेंतो मार्टिन्स यांनी गोमंतकीय धर्मगुरूंची एक लहानशी मिशनरी संस्था सुरू केली. संस्थेचे ठाणे १८९० मध्ये पिलारच्या या मठात आले. काटेकोरपणे बोलायचे तर ही संस्था व्रतस्थ संघ नव्हे. एकत्र राहून एका कामाला वाहून घेणाऱ्या धर्मगुरूंचा तो समाज आहे, आणि चर्चच्या कायद्यात त्याला वेगळे कलम आहे. पण वृत्तीने ती त्याच कुळातली. फादर आग्नेल डिसोझा १८९७ मध्ये तीत दाखल झाले आणि १९२७ मध्ये निधन पावले. त्यानंतर संस्था नामशेष होण्याच्या बेतात आली. तरुण धर्मगुरूंच्या एका लहान गटाने १९३९ मध्ये तिचे पुनरुज्जीवन केले. आज वांद्रे, वाशी आणि दिल्लीतील गौतम नगर येथे ज्या शिक्षणसंस्थांवर 'फादर आग्नेल' हे नाव दिसते, त्यांचा उगम या जवळपास विझलेल्या निखाऱ्यात आहे.

सांता मोनिकाची इमारत दीर्घकाळ पडून राहिली. मधल्या काळात ती लष्कराच्याही वापरात होती. तेथे १९६४ मध्ये मातेर देई ही संस्था सुरू झाली. तिचे प्रयोजन निरनिराळ्या संघांतील धर्मभगिनींना धर्मशास्त्राचे शिक्षण देणे हे होते. या गोष्टीचे महत्त्व समजण्यासाठी मधल्या साडेतीनशे वर्षांतील एक बदल पाहिला पाहिजे. भिंतीबाहेर जाऊन रुग्णांची आणि गोरगरिबांची सेवा करू इच्छिणाऱ्या स्त्रियांना चर्चने फार काळ खऱ्या अर्थाने व्रतस्थ मानले नाही. फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी १६३३ मध्ये सेवाभगिनींचा संघ काढला, तेव्हा त्यांना जोगिणी म्हणू नये याची काळजी घेण्यात आली. अन्यथा दुसऱ्याच दिवशी त्यांना कोंडून घ्यावे लागले असते. अशा सेवाव्रती संघांना पूर्ण मान्यता मिळाली ती १९०० मध्ये. आज भारतात शाळा, दवाखाने आणि अनाथगृहे चालविणाऱ्या बहुतेक धर्मभगिनी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. त्यानंतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ऑक्टोबरात संघांना आज्ञा केली की, त्यांनी आपल्या संस्थापकांचा मूळ हेतू शोधावा आणि त्या प्रकाशात नियम, वेष, दिनक्रम यांची फेरतपासणी करावी. सांता मोनिकाच्या मूळ रहिवासी स्त्रियांना धर्मशास्त्र शिकविण्याची कल्पना कोणाच्या मनात आली नसती. त्याच दालनांत आता झारखंडच्या किंवा केरळच्या तरुण भगिनी वह्या घेऊन बसू लागल्या, आणि धडे संपले की दार उघडून बाहेर पडू लागल्या. इमारत तीच राहिली, पण मठाची कल्पना पूर्णपणे पालटली. २००२ पासून याच इमारतीच्या एका भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही आहे.

पुण्यातील शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमालाही असेच वळण मिळाले. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंच्या मंडळाचा हा आश्रम १९२७ चा; पुढे आदिवासी जीवनाचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झालेले व्हेरियर एल्विन याच मंडळात दाखल होण्यासाठी भारतात आले होते. ते मंडळ विस्कटले. नंतर १९७० च्या दशकाच्या आरंभी अँग्लिकन आणि कॅथलिक अशा दोन भिन्न पंथांच्या संघांतील भगिनींनी एकत्र येऊन त्या जागी पुन्हा आश्रम उभारला. शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट यांनी त्याचे आचार्यपद सांभाळले. असे प्रयोग आकाराने लहान असतात आणि लहानच राहतात. त्यांच्यावरून संख्येचे अंदाज बांधू नयेत.

संख्या पाहू जाता चित्र असे आहे. १९७० च्या सुमारास जगात सुमारे दहा लाख कॅथलिक धर्मभगिनी होत्या. व्हॅटिकनच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर त्या सहा लाखांच्या किंचित खाली आल्या. जेझुइट १९६५ मध्ये छत्तीस हजारांच्या घरात होते, ते आता चौदा हजारांच्या आसपास आहेत. घट मुख्यतः युरोप व अमेरिकेत आहे. आफ्रिकेत आणि आशियाच्या काही भागांत वाढ आहे. भारतात व्रतस्थांची एकूण संख्या लाखाच्या वर असून त्यांत स्त्रिया फार मोठ्या बहुसंख्येने आहेत. प्रवाहही उलटला आहे. जर्मनीहून आलेल्या मदर आना हुबेर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ मध्ये अंधेरीत मरियेच्या साहाय्यक भगिनींचा संघ स्थापन केला आणि अनाथ मुले व कुष्ठरोगी यांच्यात काम केले. आज त्या संघातील भारतीय भगिनी आफ्रिकेत सेवा करतात.

परंतु भारतातील या संख्येवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. एका घरात सहा-सात मुले असण्याच्या काळात एखादा मुलगा किंवा मुलगी संघाला देणे कुटुंबांना जड जात नसे. गोवा, वसई, मंगळूर, केरळ या जुन्या प्रदेशांत आता घरटी एक-दोन मुले असतात आणि मुलींपुढे शिक्षणाचे व नोकरीचे अनेक मार्ग खुले आहेत. उमेदवार येतात ते अधिकतर झारखंड, छत्तीसगड, ओडिशा आणि ईशान्येकडील आदिवासी समाजांतून. तेथेही शाळा-महाविद्यालये वाढत आहेत. एका पिढीनंतर तेथेही वसईसारखीच स्थिती येईल, असे मानणे वावगे नाही. घट थांबली आहे ती नव्हे, लांबली आहे.

आशेची भाषा परिषदांच्या सभागृहांत सहज बोलली जाते. तिची परीक्षा अन्यत्र होते. केरळातील पाच धर्मभगिनी २०१८ च्या सप्टेंबरात कोचीत उच्च न्यायालयाजवळ उपोषणाच्या मंडपात बसल्या. आपल्या एका सहभगिनीने एका बिशपांवर अत्याचाराचा आरोप केला असून त्यांना अटक व्हावी, ही त्यांची मागणी होती. पुढे कोट्टायमच्या न्यायालयाने २०२२ मध्ये त्या बिशपांना दोषमुक्त केले. खटल्याचा निकाल काहीही लागो, आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या स्त्रिया रस्त्यावर येऊन बसल्या या दृश्याने एक जुना प्रश्न पुढे आला: आज्ञा देणाऱ्याला जाब कोण विचारणार? धर्मगुरूंकडून धर्मभगिनींचे शोषण झाले आहे, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे मान्य केले. अपरिग्रहाच्या व्रतालाही कसोटीला उतरावे लागले. अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या धर्मभगिनी आपला पगार संघाला देतात. व्रत घेताच त्यांचा 'नागरी मृत्यू' होतो, सबब त्यांच्या पगारातून आयकर कापू नये, असा युक्तिवाद संघांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात तो अमान्य केला. पगार ज्या व्यक्तीच्या नावे मिळतो ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने जिवंतच असते. निकाल संघांना कडू वाटला असेल. परंतु धर्मभगिनी ही सर्व नागरिकांसारखी नागरिक आहे, हे त्याने स्पष्ट केले. तिच्या हक्कांचा विचार करताना या गोष्टीचा उपयोग होईल.

दुसऱ्या बाजूने अधिकाराच्या रचनेत काही हालचाल दिसते. जगातील सर्व व्रतस्थ संघांचा कारभार पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याचे प्रमुखपद २०२५ च्या जानेवारीत सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला यांच्याकडे आले. व्हॅटिकनच्या अशा खात्याची प्रमुख झालेली ही पहिली स्त्री. त्याच वर्षी मे महिन्यात निवडले गेलेले पोप चौदावे लिओ हे ऑगस्टीनच्या संघाचे आहेत आणि त्यांनी बारा वर्षे त्या संघाचे जगभरातील नेतृत्व केले होते. मोंते सांतोवरील तो एकाकी सुळका ज्या संघाचा, त्याच संघाचे हे पोप.

यापुढील वाटेचे सर्वांत ठोस उदाहरण मात्र रोमचे नाही, ते नगर जिल्ह्यातील आहे. मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी भारतात आल्यावर अवर्षणग्रस्त गावांत शेतकऱ्यांबरोबर आयुष्य घालविले. विहिरी खोदून, कर्ज देऊन पाणी टिकत नाही, डोंगरमाथ्यापासून पाणलोटाचा विचार केला पाहिजे आणि तो गावानेच केला पाहिजे, या निष्कर्षाला ते आले. जर्मनीच्या साहाय्याने पाणलोट विकासाचा एक मोठा कार्यक्रम त्यांच्या प्रेरणेने उभा राहिला. त्याला मार्गदर्शन करण्यासाठी १९९३ मध्ये त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था काढली. ती संघाची मिशन संस्था म्हणून काढली नाही. कोणत्याही धर्माच्या माणसाला काम करता येईल असा तो सार्वजनिक न्यास होता. गावासाठी अटी कडक होत्या: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या उजाड शिवारांत समतल चर खोदले गेले, गवत वाढले, विहिरींना पाणी टिकू लागले. बाखर २०२१ मध्ये वारले. दरेवाडीतील चरांची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांनी कोणतेही व्रत घेतलेले नाही.

अनेक संघ आता असाच हिशेब मांडू लागले आहेत. युरोपातील छोटे संघ एकमेकांत विलीन होत आहेत. काहींनी नवे उमेदवार घेणे स्वतःहून थांबविले असून उरलेल्या वृद्ध भगिनींची व्यवस्था, ग्रंथालये आणि जमिनी यांची निरवानिरव चालविली आहे. भारतातील संघांवर ती वेळ अद्याप आलेली नाही. मोठमोठ्या शाळा आणि रुग्णालये हाताशी असल्यामुळे व्रतस्थांचा पुष्कळसा वेळ प्रवेशअर्ज, वेतनपत्रके आणि इमारतींच्या डागडुजीत जातो, अशी तक्रार त्यांच्यातूनच ऐकू येते. या संस्था कोणाच्या हाती, कोणत्या अटींवर आणि केव्हा सोपवायच्या, हे ठरविण्यास त्यांच्यापाशी अजून एखाद्या पिढीचा अवधी आहे. सांता मोनिकाच्या जोगिणींना असा निर्णय घेण्याची मुभा नव्हती. त्यांच्या वतीने तो लिस्बनमध्ये घेतला गेला होता.